धुळीचं वजन आणि धुळीतलं विष

अमेरिकेतल्या युटा राज्यात, प्रोव्हो शहराच्या खोऱ्यात, जिनिव्हा स्टील नावाचा पोलादाचा मोठा कारखाना होता. कामगार आणि व्यवस्थापन यांच्या वादात तो ऑगस्ट १९८६ मध्ये बंद पडला आणि सप्टेंबर १९८७ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधला एक हिवाळा त्या खोऱ्याला कारखान्याच्या धुराविना मिळाला. आर्डेन पोप या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी तिथल्या रुग्णालयांच्या नोंदी काढून पाहिल्या. कारखाना चालू असताना श्वासनलिकेची सूज आणि दमा यांसाठी दाखल होणाऱ्या लहान मुलांची संख्या बंदच्या काळाच्या जवळपास दुप्पट होती. हा निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. धूर कमी झाला आणि आजार कमी झाले, एवढंच त्यातून निघालं असतं तर त्यात नवल नव्हतं. खरी गोष्ट पुढे घडली. त्या खोऱ्यातली हवा ज्या फिल्टरांमधून खेचून मोजली जात होती, ते फिल्टर जपून ठेवलेले होते. शास्त्रज्ञांनी कारखाना चालू असतानाच्या, बंद असतानाच्या आणि पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या फिल्टरांवरच्या धुळीचा पाण्यात अर्क काढला आणि तिन्ही काळांतला अर्क अगदी सारख्याच वजनाने घेऊन आधी उंदरांच्या आणि मग स्वेच्छेने पुढे आलेल्या निरोगी माणसांच्या फुप्फुसांत थोडासा सोडला. चालू कारखान्याच्या काळातल्या अर्काने फुप्फुसांत ठळक दाह झाला, बंदच्या काळातल्या अर्काने त्या मानाने फारच कमी. वजन एकच, गाव एकच, परिणाम वेगळा. तिन्ही अर्कांत नजरेत भरणारा फरक होता तो लोह, तांबं, जस्त यांसारख्या धातूंच्या प्रमाणात.

हा प्रयोग मला आपल्या शहरांसाठी फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपली हवेची सगळी चर्चा धुळीच्या वजनाभोवती फिरते. एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत, हे आपण मोजतो. ते कण कशाचे आहेत, हे बहुतेक वेळा मोजत नाही आणि मोजलं तरी लोकांना सांगत नाही. किलोभर तांदूळ आणि किलोभर धोतऱ्याच्या बिया तराजूत सारख्याच भरतात, आणि सध्या आपल्या हातात आहे तो केवळ तराजू. शेतातली माती, समुद्राचं मीठ, सिमेंटची भुकटी, डिझेलची काजळी आणि शिशाच्या भट्टीची वाफ या सगळ्यांना एकाच आकड्यात गोळा करायचं आणि तो आकडा खाली आला की हवा सुधारली म्हणायचं, ही पद्धत अपुरी आहे. धातूंचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवला पाहिजे आणि तो लोकांसमोर मांडला पाहिजे.

नियम नाहीत असंही नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने हवेच्या गुणवत्तेची जी मानकं जाहीर केली, त्यांत १२ प्रदूषकं आहेत आणि त्यांपैकी ३ धातुवर्गातली आहेत: शिसं, आर्सेनिक आणि निकेल. शिशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला ०.५ मायक्रोग्रॅम, आर्सेनिकची ६ नॅनोग्रॅम, निकेलची २० नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धूलिकणांची, म्हणजे ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो त्यांची, वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. आता समजा, एखाद्या वस्तीत आर्सेनिक मर्यादेच्या दहापट झालं, ६ वरून ६० नॅनोग्रॅमवर गेलं. धुळीच्या एकूण वजनात त्याने भर पडेल ती जेमतेम ०.०५ मायक्रोग्रॅमची. वजन मोजणाऱ्या यंत्राच्या काट्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. मोबाइलवर दिसणारा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून आपल्याकडे सुरू आहे. त्याच्या आठ घटकांत शिशाचं नाव आहे, पण शिशाचं प्रमाण फिल्टर प्रयोगशाळेत नेऊन काढावं लागतं, तासातासाला ते कळत नाही. त्यामुळे रोज सकाळी दिसणाऱ्या आकड्यात शिसं प्रत्यक्षात नसतंच. कॅडमियम, सहा संयुजेचं क्रोमियम आणि मँगनीज तर मानकांच्या यादीतही नाहीत. युरोपीय संघाने २००४ मध्येच कॅडमियमसाठी ५ नॅनोग्रॅमचं लक्ष्य ठरवलं होतं.

हे धातू शहराच्या हवेत येतात कुठून, हे नीट समजून घेतलं पाहिजे. धातू तापवला की त्याच्या पृष्ठभागावरून वाफ निघते. कॅडमियम साधारण ७६७ अंश सेल्सिअसला उकळतं, जस्त ९०७ अंशांना. पोलाद वितळवण्याच्या भट्टीत याहून कितीतरी जास्त तापमान असतं. भंगारातल्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, जुना रंग असतो, कुठे शिशाचा डाग दिलेला असतो. ते सगळं भट्टीत आधी उडून जातं. वाफ धुरांड्यात थंड होऊ लागली की ती धुरातल्या सगळ्यात बारीक कणांवर बसते, कारण बारीक कणांचं एकूण पृष्ठफळ सर्वांत मोठं असतं. हेच कण धूर गाळणाऱ्या साध्या यंत्रणेतून निसटतात आणि हेच फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. निसर्गाने विष आणि वाहन एकत्र आणून ठेवावं, अशी ही विपरीत गाठ आहे. कोळशातही पारा, आर्सेनिक, सेलेनियम थोड्या प्रमाणात असतात, आणि चंद्रपूरसारख्या ठिकाणी, जिथे २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, तिथे ‘थोड्या’ला हजारो टन कोळशाने रोज गुणावं लागतं. जालन्यात भंगार वितळवून सळ्या बनवणाऱ्या भट्ट्या आहेत. मुंबईत देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. अशा आगीत बॅटरीचे सेल, वायर, रंगवलेलं प्लास्टिक असं सगळंच जळतं. बेकऱ्यांच्या भट्ट्यांत जुन्या फर्निचरचं लाकूड जळतं तेव्हा त्यावरचा रंगही जळतो. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, ते या दृष्टीनेही योग्यच झालं. जहाजांच्या जड इंधनातून व्हॅनेडियम आणि निकेल येतं. फटाक्यांचा हिरवा रंग बेरियमचा, निळा तांब्याचा. शिसं, पारा, आर्सेनिक, अँटिमनी आणि लिथियम फटाक्यांत वापरायला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, आणि बेरियमच्या क्षारांना २०१८ मध्ये मनाई केली.

वाहनांचं चित्र मात्र बदलतं आहे. इंजिनातून निघणारा धूर नव्या मानकांमुळे कमी होत चालला आहे, पण ब्रेक आणि टायर झिजतातच. ब्रेकच्या पॅडमधून तांबं, अँटिमनी, बेरियम आणि लोह, तर टायरमधून जस्त हवेत मिसळतं. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत मोटारच गाडीचा वेग कमी करते, त्यामुळे ब्रेकची झीज घटते. टायरची घटत नाही. युरोपात २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘युरो ७’ नियमांत ब्रेकच्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा आली. आपल्याकडे या विषयाची फारशी चर्चा होत नाही. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवलं की युरोपात धुळीचं वजन वाढवणारे स्रोत वेगळे आहेत आणि शरीरातल्या पेशींना ऑक्सिडीकरणाने इजा करण्याची धुळीची क्षमता वाढवणारे स्रोत वेगळे. दुसऱ्या यादीत ब्रेक-टायरची झीज आणि लाकूड जाळणं ठळकपणे होतं. युटाच्या फिल्टरांनी जे सुचवलं, त्याच्याशी हे जुळतं. तांबं आणि लोह यांचे विरघळणारे अंश फुप्फुसाच्या ओलसर अस्तरावर अतिक्रियाशील ऑक्सिजनची साखळी सुरू करतात, आणि दाहाची सुरुवात तिथून होते.

काही धातूंचं काम मात्र फुप्फुसात संपत नाही. आर्सेनिक, कॅडमियम, सहा संयुजेचं क्रोमियम आणि निकेलची संयुगं ही माणसात कर्करोग घडवतात हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे मान्य केलं आहे. कॅडमियम मूत्रपिंडात साचतं आणि तिथून निघायला त्याला दशकं लागतात. शिसं रक्तात महिनाभर राहतं, पण हाडांत शिरलं की वीस-तीस वर्षं मुक्काम करतं, कारण शरीर त्याला कॅल्शियम समजून साठवतं. गरोदरपणात आईच्या हाडांतून कॅल्शियम सुटतं तेव्हा हे जुनं शिसंही सुटतं आणि वारेतून बाळापर्यंत जातं. एखाद्या मुलीने बालपणी घेतलेला श्वास तिच्या मुलाच्या मेंदूला भोवू शकतो, ही कल्पनाच अस्वस्थ करणारी आहे. त्यात आपल्या देशाची एक वेगळी दुबळी बाजू आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. शरीरात लोह कमी असलं की आतडं लोह शोषण्याचे दरवाजे जास्त उघडतं, आणि त्याच दरवाज्यांतून शिसं, कॅडमियम आणि मँगनीजही आत येतात. म्हणून युरोपातल्या पोटभर जेवणाऱ्या मुलासाठी ठरवलेली मर्यादा गोवंडीतल्या किंवा धारावीतल्या मुलाला तेवढंच संरक्षण देईल असं मानता येत नाही.

पहिला आक्षेप इथेच येतो: इतक्या कणभर प्रमाणाने खरंच काही होतं का? शिशाचा इतिहास याचं उत्तर देतो. अमेरिकेत मुलांच्या रक्तातल्या शिशाची दखल घेण्याची पातळी १९९१ मध्ये डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम होती, २०१२ मध्ये ती ५ झाली आणि २०२१ मध्ये ३.५. दर वेळी खालच्या पातळीवरही हानी दिसत गेली, म्हणून ती उतरवावी लागली. ब्रूस लॅनफिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १३३३ मुलांची माहिती एकत्र करून पाहिली. रक्तातलं शिसं २.४ वरून १० वर गेलं तेव्हा बुद्ध्यंक सुमारे ३.९ गुणांनी घसरला. १० वरून २० वर गेलं तेव्हा आणखी फक्त १.९ गुणांनी. म्हणजे पहिल्या थोड्याशा शिशाने जास्त नुकसान केलं. दोन-चार गुण एकट्या मुलाला जाणवणार नाहीत, पण एका शहराच्या सगळ्या मुलांचे तेवढे गुण गेले तर किती मुलं शाळेत मागे पडतात आणि किती हुशार मुलं साधारण ठरतात, याचा अंदाज शिक्षकांना सांगावा लागणार नाही. शिवाय धातू कुजत नाही, जळून नाहीसा होत नाही. ब्रिटनने शिसंयुक्त पेट्रोल १९९९ मध्ये थांबवलं, तरी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लंडनच्या हवेतल्या कणांमधलं ४० टक्क्यांपर्यंत शिसं त्याच जुन्या पेट्रोलचं असल्याचं दिसलं. मातीत बसलेलं शिसं धुळीबरोबर पुन्हा उडत होतं. आपण १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आणलं. त्याआधी कित्येक वर्षं रस्त्यांवर सांडलेलं शिसं कुठे गेलं असेल, हा प्रश्न आपल्या शहरांनाही लागू आहे.

याच पेट्रोलच्या गोष्टीतून दुसरी बाजूही दिसते. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधलं शिसं कमी होत गेलं तसतसं लोकांच्या रक्तातलं शिसं सरासरी ३७ टक्क्यांनी उतरलं. एक धातू निवडून त्यावर नेम धरला की फळ मिळतं, आणि लवकर मिळतं. जगात वाहनांसाठीचं शेवटचं शिसंयुक्त पेट्रोल अल्जीरियात विकलं गेलं आणि २०२१ मध्ये तेही थांबलं. धुळीच्या एकूण वजनावर नजर ठेवून हे यश कधीच मिळालं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो अभ्यासू लोक घेतात. बारीक धूळ कमी केली की तिच्यावर स्वार झालेले धातू आपोआप कमी होतील, मग वेगळा हिशेब कशाला? शिवाय कोणता घटक किती घातक, याची निश्चित क्रमवारी विज्ञानाला अजून लावता आलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली मार्गदर्शक मर्यादाही बारीक कणांच्या वजनाचीच आहे, वर्षाला सरासरी ५ मायक्रोग्रॅम. हे खरं आहे, आणि म्हणून वजनाची मोजणी सोडून द्या असं माझं म्हणणं नाही. प्रश्न आपण वजन कमी कसं करतो याचा आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. देशातली सुमारे १३० शहरं त्यात आहेत, महाराष्ट्रातली १९. या शहरांची प्रगती प्रामुख्याने पीएम १० वर, म्हणजे तुलनेने जाड धुळीवर मोजली गेली आणि निधीचा मोठा भाग रस्ते झाडण्याची यंत्रं, पाण्याचे फवारे आणि रस्त्यांचं काँक्रिटीकरण यांत गेला. फवाऱ्याने माती बसते, पीएम १० चा आकडा उतरतो, शहराला शाबासकी मिळते. भंगाराची भट्टी मात्र तशीच चालू राहते. उलट बाजूने पाहायचं तर हाँगकाँगचं उदाहरण आहे. १ जुलै १९९० पासून तिथे वीजनिर्मिती आणि वाहनांच्या इंधनातल्या गंधकावर ०.५ टक्क्याची मर्यादा आली. पीएम १० चं वजन फारसं बदललं नाही, तरी मृत्युदरात सरासरी २.१ टक्क्यांची घट दिसली. हवेतला सल्फर डायऑक्साइड निम्म्यावर आला होता, त्यामुळे सगळं श्रेय धातूंना देता येणार नाही. पण त्याच बरोबर निकेल आणि व्हॅनेडियमही झपाट्याने उतरले होते, हे पुढच्या संशोधनात पुढे आलं. वजन न हलता आरोग्य सुधारतं, एवढं तरी त्यातून नक्की दिसतं.

तिसरा आक्षेप असा की मुलांच्या शरीरात शिसं मुख्यतः हवेतून जातच नाही. हळदीतल्या भेसळीतून, भांड्यांतून, रंगांतून जातं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने २०२० मध्ये काढलेल्या अंदाजानुसार जगात ८० कोटींपर्यंत मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटी भारतात आहेत. त्या अहवालातही वापरलेल्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसं वितळवणं हे मोठं कारण म्हणून पुढे येतं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, एक कढई आणि थोडा कोळसा पुरतो, म्हणून हा धंदा कुठेही चालतो. भट्टीतून उठलेलं शिसं हवेत फार वेळ राहत नाही. ते अंगणात, पाण्याच्या पिंपावर, खिडकीच्या कट्ट्यावर बसतं; मूल तिथे हात लावतं आणि तोच हात तोंडात घालतं. मोठ्यांच्या तुलनेत मुलं पोटात गेलेलं शिसं चार-पाच पट जास्त शोषून घेतात. म्हणजे ज्याला आपण अन्नातलं किंवा धुळीतलं शिसं म्हणतो, त्यातला एक वाटा काही तासांपूर्वी हवेतच होता. रस्ता वेगळा दिसला म्हणून उगम बदलत नाही.

पोटापाण्याचा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. भंगार गोळा करणारे, बॅटऱ्या फोडणारे, इलेक्ट्रोप्लेटिंगच्या गाळ्यांत क्रोमियमच्या वाफेत उभे राहणारे कामगार हे गरिबातले गरीब आहेत, आणि भट्टी बंद करा म्हणणं सोपं आहे. पण या विषाचे पहिले बळीही तेच आहेत, आणि त्यांची मुलं त्याच गाळ्याच्या माळ्यावर झोपतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती काटेकोर पाळली गेली आणि भंगारवाल्याला अधिकृत कारखान्यात बॅटरी देताना भट्टीवाल्याइतकाच भाव मिळाला, तर भट्टी आपोआप थंड पडेल. कुठल्या वस्तीत शिसं जास्त आहे हे माहीत असल्याशिवाय हा बंदोबस्त कुठून सुरू करायचा, हेच ठरवता येणार नाही.

खर्चाची सबब मात्र मला पटत नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात वनविभागाच्या संशोधकांनी झाडांच्या बुंध्यांवरचं शेवाळ गोळा केलं. शेवाळाला मुळं नसतात, त्याला जे मिळतं ते हवेतूनच. शहरभरच्या ३४६ नमुन्यांमधून कॅडमियमचा एक ठळक ठिपका उमटला, आणि त्याच्या मध्यावर रंगीत काच बनवणारा कारखाना निघाला. तो वर्षानुवर्षं तिथे होता. सरकारी यंत्रणेला मात्र हा ठिपका माहीत नव्हता. यंत्रणेने तिथे उपकरण लावल्यावर कॅडमियम आणि आर्सेनिक राज्याच्या मापदंडाच्या कित्येक पट निघाले. २०१६ मध्ये हे जाहीर होताच लोक रस्त्यावर उतरले आणि २०१८ मध्ये राज्याने कारखान्यांच्या विषारी उत्सर्जनासाठी स्वतंत्र नियमावली केली. आपल्याकडे तर शेवाळापर्यंत जायचीही गरज नाही. राष्ट्रीय मोजणी कार्यक्रमात १९८४ पासून फिल्टर लावले जातात, आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस. त्याच फिल्टरचा तुकडा क्ष-किरणांच्या यंत्राखाली ठेवला तर डझनावारी मूलद्रव्यं कळतात आणि फिल्टर खराबही होत नाही. नागपूरची ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था, आयआयटी, विद्यापीठं यांच्याकडे ही साधनं आणि माणसं आहेत. स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या महाराष्ट्राच्या १९ शहरांसाठी शिसं, निकेल, आर्सेनिक, कॅडमियम आणि क्रोमियम यांचे वार्षिक आकडे पीएम १० च्या शेजारच्या रकान्यात छापता येतील, आणि मोजणी केंद्र निवडताना महापालिकेच्या गच्चीबरोबर भट्ट्यांच्या गल्लीचाही विचार करता येईल. तोवर माहितीच्या अधिकारातला एक साधा अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे कुणालाही करता येतो: आमच्या शहरातल्या गेल्या वर्षीच्या फिल्टरांपैकी किती फिल्टरांवर धातू तपासले, कोणते तपासले, आणि किती निघाले?